रामचंद्रपंत अमात्य आणि जायबंदी शिपाई

मराठ्यांच्या इतिहासांत रामचंद्र निळकंठ अमात्य यांचें नांव दोन कारणांसाठीं घेतलें जातें. पडत्या काळांत त्यांनीं राज्य सांभाळलें हें एक, व उतारवयांत आज्ञापत्र लिहून राज्य कसें चालवावें हें एका तरुण राजास सांगितलें हें दुसरें. ह्या दोन्ही गोष्टी आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. आम्ही मात्र पंतांचें चरित्र येथें एका तिसऱ्याच कारणासाठीं सांगणार आहों. राज्याच्या कामावर असतांना ज्या साध्या शिपायाचा हात तुटला, पाय गेला किंवा जीव गेला, त्याची जखम कोणीं बांधावी आणि त्याच्या घरची चूल कोणीं पेटती ठेवावी, हा प्रश्न लढाई संपल्यावर फारसा कोणी विचारीत नाहीं. पोवाडे होतात ते सरदारांचे. पंत पेशानें हिशेबनीस होते. आणि हा प्रश्न, आमच्या मतें, पोवाड्याचा नसून हिशेबाच्या वहीचाच आहे.

पंतांचा जन्म इ. स. १६५० च्या सुमारास झाला. त्यांचें घराणें कल्याण-भिवंडीकडील. कल्याण काबीज करणारे आबाजी सोनदेव हे त्यांचे चुलते व निळो सोनदेव हे वडील. निळोपंत शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. मुजुमदार म्हणजे राज्याच्या सर्व जमाखर्चावर नजर ठेवणारा अधिकारी. ते इ. स. १६७२ त वारले. पुढें दोन वर्षांनीं, ६ जून १६७४ रोजीं, रायगडावर राज्याभिषेक झाला व अष्टप्रधानांची योजना झाली, तेव्हां मुजुमदारीचें काम निळोपंतांच्याच घरीं राहिलें. नारो निळकंठ व रामचंद्र निळकंठ ह्या दोघां बंधूंचीं नांवें त्या पदाशीं सांपडतात. मुजुमदार हें फारसी नांव जाऊन अमात्य हें संस्कृत नांव आलें. काम पूर्वीचेंच राहिलें. रामचंद्रपंत त्या वेळीं पंचविशीच्या आंतबाहेर होते. पेशवे, सेनापति, सचिव अशा वयोवृद्ध मंडळींत हा तरुण कारभारी बसूं लागला, तो बापाच्या पुण्याईनें बसला हें खरें. पण पुढील चाळीस वर्षें टिकला तो स्वतःच्या कर्तबगारीनें.

ज्या दप्तरांत ते वाढले, त्या दप्तरांतून पैसा कोणकोणत्या कामीं खर्च होई, त्यांतील एक बाब विशेष पाहण्याजोगी आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजी येथें इ. स. १६९४ च्या सुमारास राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींत अफजलखानाच्या पराभवानंतरची, म्हणजे इ. स. १६५९ ची, व्यवस्था नमूद आहे. लढाईंत जे कामास आले त्यांच्या मुलांस चाकरींत घेऊन त्यांचें चालविलें. ज्यांस मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस निम्मा पगार बांधून दिला. जे जखमी झाले त्यांस, जखमेचा लहानमोठेपणा पाहून, असामीमागें २५, ५०, १०० किंवा २०० होन दिले.

होन हें सोन्याचें नाणें; त्याची किंमत सुमारें साडेतीन ते चार रुपये धरीत. मावळ्या प्याद्यास दरमहा एक ते तीन होन मिळत, असें ग्रँट डफ यानें आपल्या इतिहासांत लिहून ठेविलें आहे. तेव्हां सर्वांत हलक्या जखमेचे २५ होन म्हणजे तीन होनांच्या शिपायाचा आठ महिन्यांचा, व एका होनाच्या शिपायाचा दोन वर्षांहून थोडा अधिक पगार झाला. आणि २०० होन म्हणजे तीन होनवाल्याची साडेपांच वर्षांची मिळकत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस अंकगणिताचा कंटाळा आहे, त्यांनीं हा एवढा हिशेब तरी स्वतः करून पाहावा. ही रक्कम कोणाची खैरात नव्हती. तिला दर ठरलेला होता, आणि ज्याची जखम मोठी त्याची रक्कम मोठी, एवढाच तिचा नियम होता. जखमी मनुष्य कोणत्या जातीचा, कोणत्या सरदाराच्या पथकांतला, कीं घरचें शेत टाकून चार महिन्यांसाठीं आलेला, ह्याचा उल्लेख त्या नोंदींत नाहीं.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्या काळचा मावळा हा आजच्या अर्थानें पूर्णवेळ शिपाई नव्हता. पावसाळ्यांत लष्कर आपल्या मुलखांत छावणीस येई. त्या वेळीं घोड्यांसाठीं दाणावैरण व औषधें आणि माणसांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें आधींच तयार ठेवावीं, असा नियम होता. दसरा झाला कीं फौज बाहेर पडे. सुमारें आठ महिने परमुलखांत काढून वैशाखाच्या सुमारास परते. मावळांतील पुष्कळ प्यादे पेरणी-कापणीच्या दिवसांत घरचा नांगर धरीत व मोहिमेच्या दिवसांत तलवार धरीत. असा मनुष्य जायबंदी होऊन घरीं आला म्हणजे त्याचे दोन धंदे एकदम बुडत. एका पायानें तटावर पाहरा करितां येत नाहीं व चिखलांत नांगरही धरवत नाहीं. सभासदानें दिलेला दर ज्यानें बांधला, त्याला ही गोष्ट नीट कळलेली असली पाहिजे.

इ. स. १६५९ त रामचंद्रपंत नऊदहा वर्षांचे मूल होते; तो दर त्यांनीं बांधला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जखम पाहून रक्कम द्यावयाची, म्हणजे कोणी तरी ती जखम पाहिली पाहिजे, कोणी तरी ती टिपून घेतली पाहिजे, व कोणी तरी त्या टिपणावर शिक्का करून पैसा मोजून दिला पाहिजे. हें सारें काम दप्तराचें. आणि त्या दप्तराच्या उंबरठ्यावर पंतांचें लहानपण गेलें.

येथें आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतीलच एक प्रसंग आठवतो. गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी येथें २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सेनापति प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व सातही जण ठार झाले. शिवाजी महाराजांनीं प्रतापरावांची कन्या जानकीबाई ही आपल्या धाकट्या मुलास, राजारामास, करून घेतली व अशा रीतीनें मेलेल्या सेनापतीचें घर आपल्या घराशीं जोडलें. ही गोष्ट उदारपणाची आहे, आणि ती सांगतांना आपल्या लोकांचा कंठ दाटून येतो तो उगाच नव्हे. परंतु राजाला मुलगे किती आणि पडणारे शिपाई किती! प्रत्येकाच्या मुलीस राजवाड्यांत सून करून घेतां येत नाहीं. साध्या स्वारासाठीं लागतो तो नियमच. आणि महाराजांच्या राज्यांत तो होता, हें आम्हांस त्या विवाहाहूनही मोठें वाटतें.

आतां पंतांच्या आयुष्यांतील खडतर काळाकडे वळूं. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरास संभाजी महाराज पकडले गेले व ११ मार्च रोजीं औरंगजेबानें त्यांचा वध करविला. त्याच वर्षीं रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हातीं लागले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून वेषांतर करून दक्षिणेंत जिंजीस गेले. जातांना त्यांनीं महाराष्ट्राचा सर्व कारभार रामचंद्रपंतांवर सोंपविला व हुकूमतपन्हा असा किताब देऊन राजाच्या बरोबरीचे अधिकार दिले. पंतांनीं विशाळगड हें ठाणें केलें. त्यांच्या हाताखालीं शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक, आणि रणांगणावर संताजी घोरपडे व धनाजी जाधव, अशीं माणसें होतीं. नव्हता तो पैसा. मुलूख मोगलांनीं तुडविलेला, वसूल बंद, खजिना रिकामा, आणि समोर अख्ख्या हिंदुस्थानाचा बादशहा जातीनें छावणी देऊन बसलेला.

अशा वेळीं शिपायास काय द्यावें? शिवाजी महाराजांची रीत रोख पगाराची होती. जमिनी तोडून देण्याच्या ते विरुद्ध असत. पंतांस ती रीत पाळतां आली नाहीं. मोगल मराठे सरदारांस जहागिरींचीं आमिषें दाखवीत होते, म्हणून राजाराम महाराजांस व पंतांसही तशींच आश्वासनें द्यावीं लागलीं: जो जो मुलूख सोडवील त्यास त्या मुलखांत वतन, इनाम, सरंजाम. कित्येकांस तर अद्याप शत्रूच्याच ताब्यांत असलेल्या गांवांच्या सनदा मिळाल्या. ह्या कागदांनीं राज्य वांचलें, ह्यांत संशय नाहीं. पण त्यांचा लाभ कोणास झाला हेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या पदरीं शंभर भाले होते त्यानें सनद घेतली व ती मनगटाच्या जोरावर खरी करून दाखविली. ज्याचा उजवा हातच गेला होता त्यानें कागद घेऊन काय करावें? आणि पतीच्या मागें राहिलेल्या बाईनें शत्रूच्या ठाण्यांतील गांव कसा सोडवावा? रोख होन जखमी मनुष्याच्या हातांत पडतो. सनद मात्र जो धडधाकट आहे त्यालाच पिकते. हा भेद पंतांच्या नजरेंतून सुटला नव्हता, असें त्यांच्या पुढील लेखनावरून दिसतें.

सुमारें आठ वर्षें त्यांनीं हा गाडा ओढला. इ. स. १६९२ त पन्हाळा परत मिळाला. इ. स. १६९८ च्या आरंभीं जिंजी पडली, पण त्यापूर्वीं राजाराम महाराज निसटून विशाळगडास येऊन पोंचले होते. दोनच वर्षांनीं, मार्च १७०० मध्यें, ते सिंहगडावर वारले व ताराबाईंनीं आपला मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून कारभार हातीं घेतला. औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत सुटला. सातारा, परळी, पन्हाळा घेऊन तो इ. स. १७०२ च्या आरंभीं विशाळगडाखालीं आला. कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर परशुराम त्रिंबकानें पैसा घेऊन गड खालीं करून दिला. ह्यानंतर जें झालें तें आमच्या विषयास धरून आहे. भर पावसाळ्यांत बादशाही लष्कर विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतूं लागलें. अंतर सुमारें पंधरा कोस. त्यास त्यांना ३८ दिवस लागले. ओढ्यांच्या पुरांत माणसें व जनावरें वाहून गेलीं, तंबू कुजले, आजारी माणसें वाटेंतच राहिलीं. ज्यानें आंब्याचा घाट पावसांत पाहिला आहे त्यास हें सांगावयास नको. जगांतील सर्वांत श्रीमंत फौजेची ही गत झाली, ती शत्रूच्या तलवारीनें नव्हे. आजारी व जखमी माणसांची सोय आधींच केलेली नसली म्हणजे खजिना कितीही मोठा असो, पंधरा कोसांच्या चिखलांत तो कामास येत नाहीं.

इ. स. १७०७ त औरंगजेब वारला, शाहू सुटून आला व छत्रपतींच्या घरांत दुफळी झाली. पंत ताराबाईंच्या बाजूस राहिले व पन्हाळा ही त्यांची राजधानी झाली. पुढें इ. स. १७१४ त पन्हाळ्यावरच आणखी एक उलथापालथ झाली: ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांस कैदेंत टाकून राजसबाईंचा मुलगा संभाजी यास गादीवर बसविण्यांत आलें. पंत ह्या बदलाच्या बाजूचे होते. ज्या बाईनें औरंगजेबाशीं सात वर्षें टक्कर दिली तिला तिच्याच गडावर कोंडून ठेवावें, हें आम्हांस रुचत नाहीं, आणि चरित्रनायकाचा मोठेपणा गावयाचा म्हणून तें झांकूनही ठेवणार नाहीं. पण ह्याच बदलांतून मराठी भाषेस एक ग्रंथ मिळाला. नवा राजा सतरा वर्षांचा होता. त्यास राजनीति शिकविण्यासाठीं इ. स. १७१५ त आज्ञापत्र तयार झालें. तें निघालें राजाच्या नांवानें. हात मात्र पासष्टीच्या घरांतील पंतांचा.

आज्ञापत्राच्या आरंभीं शिवाजी महाराजांपासून चालत आलेला इतिहास आहे. नंतर राजधर्म, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ति, दुर्ग व शेवटीं आरमार, अशीं प्रकरणें आहेत. जहाजांसाठीं रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें जबरदस्तीनें तोडूं नयेत, हा त्यांतील उपदेश पुष्कळांच्या परिचयाचा आहे. आम्ही वाचकांस दुर्गांच्या प्रकरणाकडे नेऊं इच्छितों.

पंतांनीं उभा जन्म किल्ल्यांवर काढला, म्हणून ह्या प्रकरणांत पुस्तकी असें कांहीं नाहीं. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. नसल्यास खडक फोडून टाकीं करावीं. एका झऱ्यावर भरंवसा ठेवूं नये, कारण तोफांच्या हादऱ्यानें झरे आटतात, म्हणून जास्तीचें पाणी राखून ठेवावें. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांचीं कामें कोणतीं, तट किती वेळां तपासावा, दारूगोळा ओल लागूं न देतां कसा ठेवावा, असें एकेक करून तें लिहीत जातात. आणि त्यांतच गडावर कोणकोणते लोक नेमून ठेवावे ह्याची यादी येते. रसायनें देणारा वैद्य, झाडपाल्याचा वैद्य, शस्त्रवैद्य, पंचाक्षरी, जखमा बांधणारा. आणि त्यांच्याच ओळींत लोहार, सुतार, पाथरवट व चांभार. गड लहान कीं मोठा तें पाहून प्रत्येकाच्या एकदोन असाम्या ठेवाव्या. अशा लोकांचें काम नित्य नसतें. म्हणून तें नसेल तेव्हां त्यांजकडून दुसरी चाकरी घ्यावी, पण माणूस गडावर हजर असावा.

आमचें हें सारें चरित्र ह्या एका यादीसाठीं आहे. पंचाक्षरी, म्हणजे भूतपिशाच्च उतरविणारा, हाही तींत आहे, तेव्हां पंत आपल्या काळाच्या पुढें फार होते असें म्हणतां येणार नाहीं. परंतु शस्त्रवैद्य निराळा व जखमा बांधणारा निराळा, हा भेद त्यांनीं केला आहे. कापावयाचें ज्ञान एकाचें. रोज पट्टी सोडणें, धुणें, पुन्हां बांधणें हें काम दुसऱ्याचें. आज इस्पितळांत सर्जन व परिचारिका अशी जी वांटणी आपण पाहतों, तिचें बीज ह्यांत आहे असें म्हटल्यास फार चूक होणार नाहीं. दुसरें असें कीं, हा जखमा बांधणारा लोहार-सुतारांच्या रांगेंत बसविलेला आहे. तट पडला तर पाथरवट लागतो, दार मोडलें तर सुतार लागतो, आणि शिपाई मोडला तर हा लागतो. दयेचा शब्द पंतांनीं ह्या ठिकाणीं वापरलेला नाहीं. दया राजाच्या मर्जीवर असते. नेमणूक मात्र दप्तरांत चढते व तिचा पगार दरमहा निघतो. ज्यानें आयुष्यभर जमाखर्च पाहिला, त्यानें जखमी शिपायाची बाजू ह्याहून अधिक बळकट रीतीनें मांडली नसती.

त्याच सुमारास युरोपांत काय चाललें होतें हेंही पाहण्यासारखें आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें इ. स. १६७० त पॅरिस येथें पंगु व वृद्ध शिपायांसाठीं मोठी वास्तु उभारण्याचा हुकूम काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसनें इ. स. १६८२ त चेल्सी येथें तसेंच इस्पितळ स्थापिलें. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत व प्रवासी त्या पाहावयास जातात. आमच्याकडे तशी इमारत झाली नाहीं. आमच्या शिपायास जें मिळे तें त्याच्या गांवीं, त्याच्या घरांत मिळे. त्यामुळें पाहण्यास कांहीं उरलें नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् ही गोष्ट आम्ही विसरलों. पुढें पेशव्यांच्या दप्तरांत पडलेल्या शिपायांच्या मुलाबाळांसाठीं बालपरवेशी ह्या नांवाच्या नेमणुकी आढळतात. ती रीत त्याच जुन्या झऱ्याची आहे.

आज्ञापत्रांतील वतनांविषयींचें मत येथें सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. वतनदार हे राज्याचे वांटेकरीच होत, त्यांस डोईजड होऊं देऊं नये, आणि सेवकानें मोठी चाकरी केली तरी त्यास जमीन तोडून देऊं नये, दुसऱ्या रीतीनें सन्मान करावा, असा पंतांचा आग्रह आहे. ज्या हातानें संकटकाळीं सनदांवर सनदा दिल्या त्याच हातानें हें लिहिलें. कांहीं टीकाकार ह्यास ढोंग म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. सनदांनीं राज्य वांचलें पण बळावले ते बळकटच, हें त्यांनीं पंचवीस वर्षें डोळ्यांनीं पाहिलें होतें. मात्र ह्या मताची दुसरी बाजूही आहे. रोख नेमणूक राजाच्या खजिन्यावर अवलंबून; खजिना रिकामा झाला कीं विधवेचा निम्मा पगार पहिल्यानें थकतो, कारण ती तक्रार करण्यास दरबारांत येऊं शकत नाहीं. जमीन निदान पळून जात नाहीं. ह्या पेंचाचें उत्तर आज्ञापत्रांत नाहीं.

हा पेंच जुना होऊन गेला असें कोणी समजूं नये. आमचा जिल्हा शिपायांचा आहे; शिरोळ तालुक्यांतील एका गांवाचें नांवच सैनिक टाकळी पडलें आहे. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांस धंदा शिकविण्यासाठीं इ. स. १९१७ त मुंबईंत क्वीन मेरी संस्था निघाली व ती पुढें खडकीस गेली. कृत्रिम अवयव बसविणारें लष्करी केंद्र इ. स. १९४४ त पुण्यास झालें. स्वातंत्र्यानंतर इ. स. १९४९ त प्रादेशिक सेना सुरू झाली. आपला धंदा संभाळून वर्षांतील कांहीं काळ लष्करांत काढणारे, किंवा बोलावणें आल्यास कामधंदा सोडून रुजू होणारे लोक हींत असतात. हिची मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी पलटण आमच्या कोल्हापुरांतच, टेंबलाईच्या टेकडीकडे, आहे. जुन्या मावळ्याशीं ह्या शिपायाचें नातें सर्वांत जवळचें.

आणि नेमका ह्याच शिपायाच्या जखमेवर वाद होतो. तो जखमी झाला तेव्हां कामावर होता कीं रजेवर, त्याची पलटण नेहमीच्या फौजेंतील कीं निराळ्या प्रकारची, भरती होतांना त्यानें कोणत्या कागदावर सही केली, असे प्रश्न निघतात. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण पलटणींतील एका शिपायाचा पाय रजेच्या प्रवासांत अपघात होऊन गेला. त्यास अपंगत्वाचें पेन्शन नाकारण्यांत आलें. पलटण वेगळ्या स्वरूपाची आहे व भरतीच्या वेळीं त्यानें हक्क सोडल्याचें लिहून दिलें आहे, हीं कारणें पुढें करण्यांत आलीं. तो दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर १९२१ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, डिसेंबर २०२१ मध्यें, त्याच्या बाजूनें निकाल झाला. नोकरी हवी असलेल्या गरीब मनुष्यानें केलेल्या सहीवर त्याचा हक्क बुडवितां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. सभासदाच्या बखरींतील दप्तर फक्त जखम पाहत होतें. आजच्या दप्तरास ती सोडून बाकीचें सर्व पाहण्याची संवय लागते, आणि मग जखमी मनुष्यास बारा वर्षें कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आतां पंतांच्या चरित्राचा शेवट सांगावयाचा राहिला. आज्ञापत्र लिहिल्यावर ते फार दिवस जगले नाहींत. इ. स. १७१६ त पन्हाळ्यावरच त्यांचा अंत झाला. तीन छत्रपतींच्या कारकीर्दी व त्यानंतरची भाऊबंदकी, एवढें सारें त्यांनीं कारभारांत राहून पाहिलें. त्यांच्या वंशजांकडे गगनबावड्याची जहागीर राहिली व ते पंत अमात्य बावडेकर ह्या नांवानें कोल्हापूर दरबारच्या पहिल्या प्रतीच्या मानकऱ्यांत गणले गेले. जमीन तोडून देऊं नये असें लिहिणाऱ्याच्या घरीं जहागीर राहिली, ही गोष्ट वाचकांच्या लक्षांत आलीच असेल.

आमच्या शाळांतील मुलें सहलीस पन्हाळ्यास जातात, तेव्हां तीन दरवाजा पाहतात, अंबरखान्याचीं धान्याचीं कोठारें पाहतात, सज्जाकोठींतून खालचें खोरें पाहतात व संध्याकाळच्या आंत परत फिरतात. रामचंद्रपंतांची समाधि त्याच गडावर आहे. ती लहान आहे, व वाट विचारल्याशिवाय सांपडत नाहीं.